खतावणीतली पुस्तकं

मौद्याच्या एका राईस मिलमध्ये मी हिशेब लिहिते. मिलचा व्यवहार कॉम्प्युटरवर गेला त्या वर्षी लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या दोन कोऱ्या खतावण्या कपाटात तशाच उरल्या. शेठजींना विचारून त्यातली एक मी घरी आणली. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध तांबडी रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. धानाचे कट्टे, हमाली, कोंडा, कणी यांचे आकडे लिहायला छापलेल्या त्या पानांवर गेली सहा वर्षं मी माझ्या दोन मुलांनी वाचलेल्या पुस्तकांची टिपणं लिहीत आले. तीच ही पुस्तिका. आमच्या वस्तीतल्या बायांनी खतावणी नेऊन नेऊन तिची शिवण उसवली, तेव्हा झेरॉक्स काढत बसण्यापेक्षा नीट छापूनच घेऊ असं ठरलं. छापायचं तर टिपणांच्या आधी चार शब्द सांगायला हवेत, म्हणून हे.

सुरुवात एका बक्षिसापासून झाली. थोरली तिसरीत असताना तिला गोष्टींचं एक पुस्तक मिळालं. कोल्हा, करकोचा, लोभी सावकार, आळशी मुलगा. दोन दिवसांत पुस्तक संपलं म्हणून मी खूश होते. मग एकदा शेजारी बसून पाहिलं तर ती पान उलटायची, नजर सरळ तळाशी न्यायची, 'तात्पर्य' वाचायची आणि पुढचं पान घ्यायची. "गोष्ट नाही वाचत का गं?" म्हटलं तर म्हणाली, "मॅडम तेच विचारते नं." बारा गोष्टींची बारा तात्पर्यं तिला पाठ होती आणि एकाही कोल्ह्याचं पुढं काय झालं ते ठाऊक नव्हतं. त्या रात्री ते पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मोठी झाल्यावर मुलांचं पुस्तक मी पुरतं वाचलं ते तेव्हाच पहिल्यांदा. तोवर माझं मत चारचौघांसारखंच होतं, पोर पुस्तक घेऊन बसलं म्हणजे झालं.

त्यानंतर घरात एक रीत पाडली. मुलं जे वाचतील ते मीही वाचायचं, आधी किंवा नंतर, पण सगळं. डाव्या रकान्यात पुस्तकात काय आहे ते मी लिहायची. उजव्या रकान्यात, पुस्तक मिटल्यावर मूल आपण होऊन काय बोललं ते, त्याच्याच शब्दांत. "काय शिकलास?" हा प्रश्न बंद. दोन दिवस, चार दिवस वाट पाहायची, आणि काहीच बोललं नाही तर रकाना कोरा सोडायचा. वर्षभरानं पानं चाळली तेव्हा दिसलं की एखाद्या खूप नावाजलेल्या पुस्तकापुढं उजवी बाजू अगदी कोरी आहे, आणि एखाद्या चोवीस पानी पुस्तकापुढं मला समासातसुद्धा लिहावं लागलंय. पुस्तक चांगलं की नाही हे मी तेव्हापासून असंच ठरवत आले. पुस्तकातली गोष्ट संपल्यावर मुलाला स्वतःची गोष्ट सांगावीशी वाटली का, एवढंच मी पाहते.

त्या मापानं, धाकटा लहान असताना सगळ्यात जास्त पानं भरली ती माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी. 'राधाचं घर' हा त्यांचा सहा छोट्या पुस्तकांचा संच. आई, बाबा, आजी, आजोबा, काका अशी घरातली माणसं आणि त्यांच्याकडं बघणारी राधा. पहिल्या वाचनात मला वाटलं, यात घडत तर काहीच नाही. धाकटा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मिलच्या कोऱ्या पावतीमागं मोठ्या आईचं चित्र काढलं. मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. चित्रात तिच्या हातात सूप, सुपातून उडणारे ठिपके आणि खाली मान वर करून उभी असलेली कोंबडी. "हे तांदूळ नाईत, हा कोंडा हाये. तांदूळ उडाला तर मोठी आई रागावते," असं त्यानं मला समजावलं. मग तो घरातल्या एकेका माणसाचं सांगत सुटला. मी काही विचारलं नव्हतं. पुरंदरे स्वतः चित्रकार आहेत, त्यामुळं शब्द आणि चित्र एकाच हातातून उतरतात, आणि मुलाला वाटतं की असं घर आपणही काढू शकतो, सांगू शकतो. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ साली बिग लिटल बुक पुरस्कार. माझ्या दृष्टीनं तो कोंडा पुरेसा आहे.

अकादमीच्या या पुरस्काराची यादी सुरुवातीला माझा मोठा आधार होती. २०१० पासून तो दिला जातो. मराठीत पहिला अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला, पुढच्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. पण याच यादीत माझी एक अडचण झाली, ती मोकळेपणानं सांगते. २०१४ ला पुरंदरे, २०१६ ला राजीव तांबे, २०१८ ला रत्नाकर मतकरी, यांना पुरस्कार मिळाला तो एकूण योगदानासाठी. मान योग्य माणसांना मिळाला यात शंकाच नाही. पण नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात जाऊन एखादी आई 'एकूण योगदान' कसं मागणार? तिला एका पुस्तकाचं नाव हवं असतं. अलीकडं तसं झालं नाही, याचा मला आनंद आहे. २०१९ ला सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध', २०२० ला आबा महाजन यांची 'आबाची गोष्ट', २०२१ ला संजय वाघ यांची 'जोकर बनला किंगमेकर', २०२२ ला संगीता बर्वे यांची 'पियूची वही', २०२४ ला भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. २०२३ ची एकनाथ आव्हाडांची आणि २०२५ ची सुरेश सावंतांची पुस्तकं कवितांची आहेत, म्हणून ती या टिपणांत नाहीत. कवितांची खतावणी वेगळी करावी लागेल. 'पियूची वही' वाचून थोरलीनं स्वतःची वही सुरू केली, तिला कुलूपही लावलं. सासणे यांची कादंबरी धाकट्यानं एका बैठकीत संपवली आणि आठवडाभर अंगणातल्या संडासात एकटा गेला नाही.

२०१७ चं पुस्तक मात्र घाईत सांगून चालणार नाही. ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा'. धरणात गाव जाणार म्हणून ते सोडावं लागणाऱ्या एका मुलाची ही गोष्ट, सह्याद्रीकडची. मौदा कन्हान नदीवर आहे. हीच कन्हान खाली कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि तिथून पुढं सगळं गोसीखुर्दचं पाणी. त्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. मोठ्या आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे आमच्या बोलण्यात ते इतकंच होतं, की "तिकडचं गाव बुडालं". तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि या घरात येऊन मला अठरा वर्षं झाली.

धाकट्याला मी ते पुस्तक रोज थोडं थोडं वाचून दाखवत होते, ओसरीत, संध्याकाळचं. मोठी आई तांदूळ निवडत बसलेली असायची. आठवडाभर ती काही बोलली नाही. एके दिवशी सूप खाली ठेवलं आणि धाकट्याला म्हणाली, "त्यायच्या गावात झाडं होती का रे?" हाव म्हटल्यावर म्हणाली, "मंग ते कापले का तसेच पाण्यात ठेवले?" धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं सांगितलं. तिच्या माहेरच्या वाड्यामागं चिंचेचं झाड होतं. गाव उठलं तेव्हा घराची कवेलू, दारं, चौकटी, पाट्यावरवंट्यापर्यंत सगळं गाड्यांवर घालून नवीन जागी नेलं. चिंच तशीच राहिली. पुढं दोन-तीन उन्हाळे, पाणी उतरलं की तिचा शेंडा दिसायचा, वाळलेला, वर बगळे. तिचे भाऊ नावेतून जाऊन पाहून यायचे. "मले नाई नेलं," ती म्हणाली. "म्हणे तू रडशील."

त्या दिवशी वाचणं तिथंच थांबलं. खतावणीत त्या पुस्तकाच्या पानावर उजव्या रकान्यात धाकट्याचं एकही वाक्य नाही, सगळी मोठ्या आईची आहेत. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिला आंभोऱ्याला घेऊन गेलो. ती रडली नाही. पाण्यात उभी असलेली वाळली झाडं ती बोटानं दाखवत राहिली, आणि धाकटा एकेका झाडाला विचारत होता, "ते का? ते का?" आम्ही मुलांची पुस्तकं मुलांसाठी म्हणून वेगळी काढून ठेवतो, कपाटाच्या खालच्या फळीवर. आमच्या घरात त्या फळीवरच्या एका पुस्तकानं साठ वर्षांच्या बाईला बोलतं केलं.

आता भाषेचं. माझ्या मुलांनी वाचलेल्या पुस्तकांत बहुतेक पोरं पुण्या-मुंबईची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, सायकलवरून सुसाट जाणारा. तो आजही धाकट्याला खेचून घेतो, त्याची मी कुणालाही खात्री देईन. पण दोन पुस्तकं झाल्यावर त्यानं विचारलं होतं, "आई, हे पोट्टे असे काहून बोलते? पुस्तकात आपल्यासारखं कोणीच काहून नाई बोलत?" मी म्हटलं, पुस्तकाची भाषा तशी असते. ते उत्तर चुकीचं होतं हे मला प्रकाश नारायण संतांनी दाखवलं. 'वनवास' १९९४ साली आलं, त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. चारही पुस्तकांत लंपन हा मुलगा, आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडं वाढणारा. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी त्याच्या तोंडी आहे. थोरलीनं तेराव्या वर्षी ती वाचली. एकही कानडी शब्द कुणाला न विचारता वाचली आणि आठवडाभर घरात लंपनसारखी बोलत होती. म्हणजे कृष्णेपलीकडची बोली मौद्याच्या मुलीला अडली नाही. मग आमची बोली पुण्याच्या मुलाला का अडेल? इथं 'मले', 'तुले', 'काहून', 'जाऊन राहिलो' बोलणारी हजारो मुलं आहेत. भंडाऱ्याकडं झाडीबोली आहे, तिच्यासाठी हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्य घातलं. आमच्या शाळांत मौद्याच्या वीजकेंद्रात काम करणाऱ्यांची मुलंही येतात, तेलुगू, हिंदी, बंगाली घरांतली. २३२० मेगावॅटच्या चिमण्यांखाली, धानाच्या बांधीत, चार भाषांत खेळणारी ही मुलं कुठल्याही कादंबरीत आली पाहिजेत अशी आहेत. ती येतील तेव्हा ती विनोदासाठी आणलेली नसावीत, एवढं मी लिहिणाऱ्यांना हात जोडून सांगते. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारं पात्र दिसलं की वाचणाऱ्यानं हसायचं, ही सवय मोडायला हवी.

सगळ्यात मोठी पोकळी मला बारा ते सोळा या वयात दिसली. थोरली तेरा वर्षांची झाली तेव्हा मी एका दुकानात तिच्यासाठी कादंबरी मागितली. समोरच्या भल्या माणसानं आधी रंगीत चित्रांच्या परीकथा दाखवल्या. तिचं वय सांगितल्यावर 'मृत्युंजय' काढून दिली. 'मृत्युंजय' मीही त्याच वयात, रात्री पांघरुणात, रडत वाचली आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण ती आली १९६७ साली. त्याच वर्षी अमेरिकेत एस. ई. हिंटन या अठरा वर्षांच्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी छापून आली, आपल्याच वयाच्या, भांडणाऱ्या, घाबरणाऱ्या पोरांबद्दल तिनं शाळेत असताना लिहिलेली. तिथं त्यानंतर या वयाचं म्हणून एक वेगळं कपाटच तयार झालं. आपल्याकडं परीकथेच्या फळीवरून मूल एकदम कर्णापाशी जातं. मधल्या चार वर्षांत त्याच्या अंगात, घरात, वर्गात जे चाललेलं असतं, त्याची मराठी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. म्हणून थोरलीसारख्या सेमी-इंग्रजीतल्या मुली इंग्रजी पुस्तकांकडं वळतात. तिनं आर. जे. पॅलासिओ यांची 'वंडर' वाचली. चेहरा वेगळा असलेल्या एका मुलाची ही गोष्ट त्याच्याबरोबर त्याची बहीण आणि मित्रही आपापल्या बाजूनं सांगतात. वाचून ती म्हणाली, "बहिणीचंही विचारलं त्यांनी. आपल्यात बहिणीचं कोण विचारते?" हे वाक्य मी तीनदा वाचलं आहे. घरात धाकट्याच्या दम्यात आमची किती वर्षं गेली ते मला माहीत आहे.

मराठीत या वयासाठी मला मनापासून पुढं करावंसं वाटतं ते मिलिंद बोकील यांचं 'शाळा'. २००४ साली आलेलं, आणीबाणीच्या काळातलं, नववीच्या वर्गातलं. सिनेमामुळं नाव सगळ्यांना माहीत आहे. अनेक आयांनी मला विचारलं, मुलीच्या हातात द्यायचं का? त्यातली पोरं 'लाइन देतात', शिव्या देतात, मास्तरांबद्दल वाट्टेल ते बोलतात. माझं मत, द्यावं. आठवी-नववीत जे वर्गात रोज कानावर पडतं ते पुस्तकात प्रामाणिकपणे आलं तर मुलीचं नुकसान होत नाही, उलट आपण एकट्याच नाही हे तिला कळतं. माझी तक्रार वेगळी आहे. सगळी गोष्ट मुकुंद सांगतो. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरला काय वाटलं ते आपल्याला त्याच्या डोळ्यांनीच कळतं. त्या वर्गातल्या मुलींच्या बाकावरून लिहिलेली 'शाळा' अजून कुणीतरी लिहायला हवी आहे. ती ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी दहा प्रती घेईन.

जुन्या पुस्तकांपैकी 'श्यामची आई'बद्दल घरात दोन मतं आहेत. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बेचाळीस रात्रींत सांगितलेली. थोरलीनं ती सलग वाचली आणि तिला ती जड झाली. धाकट्याला मी एकेक रात्र करून वाचून दाखवली, तशी ती त्याला लागली. मोठ्यानं सांगण्यासाठी रचलेलं पुस्तक मोठ्यानंच सांगावं, असं मी त्या पानावर लिहिलं आहे. 'तोत्तोचान'च्या पानावर धाकट्याचा प्रश्न आहे, आगगाडीच्या डब्यात शाळा भरते तर वीजकेंद्राकडं जाणाऱ्या कोळशाच्या डब्यात का भरू नये. त्यानंतर त्यानं त्या शाळेचं वेळापत्रकही लिहिलं, ते जसंच्या तसं छापलं आहे.

पुस्तकं मिळवायची कुठून, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. मौद्यात मुलांच्या पुस्तकांचं दुकान नाही. जवळच्या एका वाचनालयात मुलांचं कपाट होतं, पण ते कुलपात, आणि किल्ली कोणाकडं ते तीन महिने कळलं नाही. त्यामुळं मी तीन वाटा धरल्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथं लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात आणि मुलांची पुस्तकंही स्वस्तात मिळतात. आम्ही दरवर्षी एसटीनं जातो, येताना दोन्ही मुलांच्या मांडीवर गठ्ठे असतात. दुसरी वाट 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. माझ्या लहानपणीचे अंक मी मुलांना मोबाइलवर दाखवले. तिसरी वाट प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ पासून तिथं मराठीतल्या छोट्या चित्रगोष्टी मोफत वाचता येतात, छापताही येतात. लहान्यांसाठी मी त्या मिलच्या प्रिंटरवर, शेठजींना विचारून, छापल्या आहेत. याशिवाय दिवाळीत 'साधना'चा बालकुमार अंक आणि वर्षभर 'वयम्'. या सगळ्यांचा खर्च महिन्याला एका पिझ्झाहून जास्त होत नाही, हे मी हिशेब लिहिणारी म्हणून सांगते.

टिपणं कशी वाचायची ते सांगून थांबते. छत्तीस पुस्तकं, प्रत्येकाला दोन पानं, खतावणीसारखेच दोन रकाने. डावीकडचं माझं मत आहे, ते कुणी मानू नये असं वाटलं तर खुशाल मानू नये. उजवीकडचं मी बदललेलं नाही, बोलीही तशीच ठेवली आहे. आठ पुस्तकांपुढं उजवी बाजू कोरी आहे. त्यातल्या सात ठिकाणी मुलं खरंच काही बोलली नाहीत. आठवं पुस्तक 'शाळा'. तिथं थोरली बोलली होती, एका रविवारी, गॅसवर भात असताना, जवळजवळ तासभर. भात तळाशी लागला तरी मी उठले नाही. खतावणीत ती दीड पानं आहेत. छपाईआधी मी तिला ती दाखवली. तिनं वाचली, वही मिटली आणि म्हणाली, "आई, हे नको देऊ." म्हणून ते पान तसं आहे.